वाळ्याचा फेस आणि दुसऱ्याचा हात

गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने घरी येताना एक लहानशी बरणी आणली. आत शेव्हिंग क्रीम होते. कारखान्यातल्या ट्यूबमधले नव्हे, तर थोड्या थोड्या प्रमाणात हाताने घोटून केलेले, वाळ्याचे अत्तर घातलेले. झाकणावर एक ओळ छापली होती : 'पारंपरिक ओल्या दाढीसाठी'. ती वाचून मला प्रथम हसू आले. ओल्या दाढीला 'ओली' म्हणण्याची गरज मराठी माणसाला कधी पडली नव्हती. आपल्याकडे नाव आहे ते उलट प्रकाराला. एखाद्याची कठोर खरडपट्टी काढली की त्याची 'बिनपाण्याने हजामत' झाली, असे आपण म्हणतो. पाणी गृहीत धरलेले असते, नसले तरच बोलायचे.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरणी उघडली. गरम पाण्यात ब्रश भिजत ठेवला, चेहरा धुतला, बदामाएवढे क्रीम वाटीत घेऊन घोटू लागलो. पहिल्या दिवशी पाणी जास्त झाले आणि फेसाऐवजी बुडबुडे निघाले. दुसऱ्या दिवशी पाणी कमी पडले, फेस गालावरच वाळला. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रमाण जमले. साईसारखा दाट, चकचकीत फेस झाला आणि त्याच्या उबेबरोबर वाळ्याचा वास उठला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हा वास शहागंज किंवा सिटी चौकातल्या अत्तराच्या दुकानावरून जाताना येतो, आणि एप्रिल-मेमध्ये कूलरच्या ओल्या जाळ्यांतून येतो. तो गालावर येईल असे वाटले नव्हते. पाते केसांच्या दिशेने एकदा फिरवले, फेस पुन्हा लावून आडवे फिरवले, शेवटी तुरटीचा खडा. एरवी तीन मिनिटांत उरकणाऱ्या कामाला पंधरा मिनिटे लागली, आणि खरे सांगायचे तर ती पंधरा मिनिटे सुखाची होती.

खटकला तो झाकणावरचा 'पारंपरिक' हा शब्द. आरशासमोर एकट्याने उभे राहून, आपल्याच हाताने सुगंधी फेस लावून, आपलीच दाढी करणे ही नेमकी कुणाची परंपरा? साहित्याच्या अभ्यासकांना शब्दावर शंका घेण्याची सवय असते. त्या सवयीने या शब्दामागे थोडे चालत गेलो, तेव्हा जे दिसले ते इथे मांडतो आहे.

सुरुवात भाषेपासूनच करू. 'दाढी वाढली' म्हणजे ती आहे, आणि 'दाढी केली' म्हणजे ती गेली. 'श्मश्रू' या संस्कृत शब्दाचेही मराठीत असेच झाले. मूळ अर्थ मिशा-दाढी, पण आपण 'श्मश्रू करतो' तेव्हा ती काढून टाकतो. 'वस्तरा' फारसीतून आला. 'हजामत' अरबीतून आली आणि तिचे मूळ केस कापण्यात नाही, तर शरीरातले दूषित रक्त ओढून काढण्याच्या उपचारात आहे. ते काम करणारा तो हज्जाम. हा उपचार आपल्या गावांतही न्हावीच करी, याची साक्ष 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' या म्हणीत टिकून आहे. तुंबडी म्हणजे रक्त ओढण्याचे साधन, हे आज ही म्हण वापरणाऱ्या पुष्कळांना ठाऊकही नसते. आणि खुद्द 'न्हावी'? या शब्दाचा संबंध 'नापित' या शब्दाशी आणि त्याच्याद्वारे 'स्ना' या धातूशी, म्हणजे न्हाण्याशी जोडला जातो. न्हाऊ घालणारा तो न्हावी. या सगळ्या शब्दांत पाणी आहे, रक्त आहे, आणि सगळ्यांत एक समान गोष्ट आहे : दुसऱ्या माणसाचा हात. स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्या माणसासाठी भाषेने वेगळा शब्दच घडवलेला नाही.

या दुसऱ्या हाताची एक जुनी कथा आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर भिंतीवर रंगवलेली आहे. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. त्यातले एक चित्र 'मरणासन्न राजकन्या' या नावाने प्रसिद्ध झाले. मान कललेली, डोळे अर्धे मिटलेले, भोवती सावरणाऱ्या दासी. पुढे अभ्यासकांनी ओळखले की ही स्त्री मरत नाही. ती बुद्धाचा धाकटा भाऊ नंद याची पत्नी सुंदरी आहे, आणि एक सेवक नंदाचा मुकुट घेऊन तिच्यापुढे आला आहे. अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात ही कथा सविस्तर येते. सुंदरी प्रसाधन करीत असते आणि नंद तिच्यासमोर आरसा धरून उभा असतो. बुद्ध भिक्षेसाठी दारी येऊन तसेच परत गेल्याचे कळते तेव्हा नंद त्यांच्या मागे निघतो. गालावरचा ओला लेप सुकण्याच्या आत परत ये, एवढीच तिची अट असते. नंद परतत नाही. विहारात त्याचे मुंडन होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते.

चित्रकाराने सुंदरीपुढे मुकुट ठेवला, कारण तेवढ्याने तिला सारे कळणार होते. ज्या डोक्यावर तो बसायचा त्या डोक्यावर आता केस नाहीत. एका बाजूला ओला सुगंधी लेप आणि आरसा, दुसऱ्या बाजूला वस्तरा. प्रसाधन आणि मुंडन यांना इतक्या जवळ आणून ठेवणारी दुसरी कथा मला ठाऊक नाही. आणि तिच्यात एक अस्वस्थ करणारा प्रश्नही आहे. नंदाची संमती पुरती नव्हती. वस्तरा दुसऱ्याच्या हातात होता.

केसांबद्दलचे बौद्ध परंपरेतले आणखी एक संभाषण आमच्या शहराच्या फार जवळचे आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाच्या आरंभी लहानगा नागसेन रोहण नावाच्या भिक्षूला विचारतो, की तुमचे डोके आणि दाढी अशी भादरलेली का? रोहण सांगतो की केसांपायी सोळा अडथळे उभे राहतात. ते तो एकेक मोजतो. तेल लावणे, धुणे, फुले माळणे, रंग, कंगवा, उवा. या यादीत सुगंध हा एक अडथळा आहे आणि न्हावी हाही एक अडथळा आहे. वाळ्याची बरणी हातात घेऊन ही यादी आठवली की थोडे ओशाळायला होते.

परंतु त्याच परंपरेत न्हाव्याचे दुसरे रूपही आहे. उपाली हा शाक्यांचा न्हावी. आनंद, अनुरुद्ध आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी बुद्धाला विनंती केली, की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या. तो ज्येष्ठ ठरेल, आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे, पठण याच उपालीने केले. ज्याच्या हातात इतरांची डोकी होती त्याच्या हातात संघाची शिस्त आली.

मराठी संतपरंपरेने सेना न्हाव्याची कथा अशीच जपली आहे. महिपतीने 'भक्तविजया'त (१७६२) ती सांगितली आहे. सेना पूजेत गुंतलेला, राजाचे बोलावणे आलेले, आणि देव स्वतः सेनाचे रूप घेऊन, त्याची धोपटी खाकेत मारून राजाकडे जातो. दाढी करतो, तेल चोळतो, आणि तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसते. सेनाच्या नावावरच्या अभंगांत आरसा, चिमटा ही धंद्याची हत्यारे विवेक-वैराग्याची रूपके होऊन येतात. देवाने धोपटी उचलली, असे कथेने सांगितले खरे, पण गावाने त्या धोपटीला काय मान दिला?

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. वर्षभर गावाची डोकी-दाढ्या करायच्या आणि सुगीत धान्याचा वाटा घ्यायचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. जन्म, लग्न, मृत्यू यांतले एकही कार्य न्हाव्यावाचून पार पडत नसे. लग्नाच्या वरातीत मशाल त्याच्या हाती, सुतकात वस्तरा त्याच्या हाती. पण हजामत झाली की उच्चवर्णीय घरातला पुरुष आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवत नसे. ज्या हाताने चेहरा स्वच्छ केला, त्याच हाताचा विटाळ धुवायचा. न्हाव्याचा स्पर्श हवाही होता आणि नकोही होता. आणि ज्याचा स्पर्श असा कमी प्रतीचा मानला गेला होता, त्याच्याच हातून गावाने आणखी खालच्यांना नाकारले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात साताऱ्यातले बालपण सांगितले आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, त्यांना द्यायला पैसेही घरात होते. तरी भावंडांचे केस कापण्याचे काम मोठी बहीण करी. भावांच्याच डोक्यांवर हात चालवून ती ते शिकली होती, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. हे त्यांनी अतिशय शांतपणे, जवळजवळ कोरडेपणाने लिहिले आहे. मराठी मुलखातला 'स्वतःच्या घरी, आपल्याच माणसाच्या हाताने' होणाऱ्या हजामतीचा हा एक आरंभ आहे. त्यात सुगंध नाही, पंधरा मिनिटांचे सुख नाही. बहिणीचा हात आहे, आणि तो हात पुढे येण्यामागे गावाचा नकार आहे.

मात्र न्हाव्याच्या हातून एक दुसरा नकारही घडला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय हा इतिहास न्याय्य होणार नाही. १८९० साली मुंबईत, 'दीनबंधू'चे संपादक आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असा निश्चय तिथे झाला. केशवपनाविरुद्ध निबंध लिहिणारे सुधारक होते, व्याख्याने देणारे होते. पण ज्यांचा हात प्रत्यक्ष त्या डोक्यावर चालायचा, ज्यांची त्यात कमाई होती, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. त्याच १८९० साली ह. ना. आपट्यांचे 'करमणूक' निघाले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. कादंबरीच्या अखेरीस यमूवर जो प्रसंग येतो तो वर्गात शिकवताना आजही आवाज स्थिर ठेवणे कठीण जाते. आपण ती कादंबरी शिकवतो, तिच्याशेजारी ही सभा क्वचितच शिकवतो. यमूचा आक्रोश आपल्या साहित्याच्या इतिहासात गेला, आणि वस्तरा खाली ठेवणाऱ्यांचा निश्चय कामगार चळवळीच्या इतिहासात. दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच डोक्याविषयीच्या गोष्टी आहेत.

एकाच हाताचे हे दोन नकार. एक गावाच्या धाकाने दिलेला, दुसरा गावाच्या धाकाविरुद्ध. या दोहोंकडे एकत्र पाहण्याची दृष्टी गांधीजींच्या आत्मकथेतल्या एका प्रसंगात सापडते. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापायला तुच्छतेने नकार दिला. गांधीजींनी कात्री विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले. ते इतके वेडेवाकडे झाले की कोर्टात मित्र हसले. दाढीचे त्यांना अवघड नव्हते. विलायतेला जाणारा माणूस स्वतःची दाढी करायला तरी तिथे शिकतोच, असे ते म्हणतात. पण प्रसंग सांगून झाल्यावर त्या न्हाव्याला ते दोष देत नाहीत. काळ्या माणसाला हात लावला तर त्याचे गिऱ्हाईक तुटले असते. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का, असा प्रश्न ते स्वतःच्या समाजाला विचारतात. वस्तरा न्हाव्याच्या हातात असला तरी तो कुणाच्या गालावर फिरावा, हे ठरवणारे दुसरेच असतात.

विलायतेत शिकलेली ही कला इकडे सर्वसाधारण माणसाच्या हाती आली ती सुरक्षित पात्यामुळे. किंग कँप जिलेट या अमेरिकनाने फेकून देण्याजोग्या पातळ पात्याचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आणला. त्या वर्षी खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढल्या वर्षी त्याला पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सुमारे ३५ लाख रेझर घेतले. वस्तऱ्याला धार लावण्याचे, चामड्याच्या पट्ट्यावर ती परजण्याचे आणि नुसत्या हाताने कोन सांभाळण्याचे कसब आता यंत्राच्या घडणीतच बसवले गेले. ज्ञान हातातून वस्तूत गेले, आणि ज्याच्या हातात ज्ञान होते तो माणूस दाढीपुरता वगळता येऊ लागला.

पात्याबरोबर फेसही घरात आला. त्याचे रसायन साधे आहे. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल यांसारख्या तेलांवर सोड्याची क्रिया झाली की साबण कडक होतो, पोटॅशची झाली की मऊ होतो. क्रीमला मऊपणा येतो तो या पोटॅशने. खोबरेलाने फेस लवकर येतो, स्टिअरिक आम्लाने तो टिकतो, आणि ग्लिसरीन त्याला वाळू देत नाही. फेसाचे खरे काम पाणी धरून ठेवण्याचे असते. भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि सहज कापला जातो. सुगंधाचा या सगळ्यात काही उपयोग नाही. तो निव्वळ आनंदासाठी. म्हणूनच जाहिरातींनी मुख्यतः तोच विकला. १९८०च्या दशकात कपिल देव दूरदर्शनवर पामोलिव्हचे क्रीम लावून दाढी करताना दिसू लागला, तेव्हा आरशासमोरचा एकटा पुरुष हे सुखाचे चित्र घरोघर पोचले होते. त्या चित्रात न्हावी कुठेही नव्हता.

तेव्हा बरणीवरच्या 'पारंपरिक' या शब्दामागची परंपरा आपल्याकडे फार तर शंभर वर्षांची आहे. त्याआधीची, शेकडो वर्षांची परंपरा दुसऱ्याच्या हाताची होती, आणि तो हात सगळ्यांना मिळत नव्हता. जुन्या काळाची हळहळ वाटताना हे दुसरे वाक्य आपण सोयीने गाळतो. ज्यांच्या दारी न्हावी येत असे त्यांना घरच्या पात्याने एक नाते गमावल्यासारखे वाटले असेल. ज्यांच्या दारी तो कधीच आला नाही, त्यांना त्याच पात्याने काय दिले असेल? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आमच्या शहरात सुरू केलेले महाविद्यालय आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते, आणि त्याच्या परिसराचे नाव आहे नागसेनवन. सोळा अडथळ्यांची यादी ऐकणाऱ्या त्याच मुलाचे नाव. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून तिथे शिकायला आलेल्या एखाद्या मुलाने वसतिगृहाच्या नळावर, टेकवलेल्या आरशात पाहून, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फेस लावला असेल, तेव्हा त्याला तो कुठलाच अडथळा वाटला नसेल. कुणाची परवानगी न घेता स्वच्छ होता येते, हे त्या फेसात होते. सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवणारा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला तो १९५५ साली. तोवर, आणि पुष्कळ गावांत त्यानंतरही, पाते हाच आधार होता.

बरणी अर्धी संपल्यावर ती मी खिशात घालून गल्लीतल्या सलूनमध्ये गेलो आणि आज हे लावा, म्हणून पुढे केली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "सर, हा तर कूलरचा वास आहे," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीवरचा महाविद्यालयीन मुलगा हसला. कोण होता, कुठल्या वस्तीतला, हे विचारण्याचे त्या दुकानात कुणाला कारण नव्हते. मला पाच दिवस जे प्रमाण जमले नव्हते ते त्यांनी अर्ध्या मिनिटात साधले. मग डाव्या हाताची दोन बोटे माझ्या कपाळावर टेकवून त्यांनी चेहरा हलकेच उजेडाकडे वळवला. ही दोन बोटे घरच्या आरशासमोर मिळत नाहीत, आणि साताऱ्यातल्या त्या भावंडांना ती कुठल्याच पैशाने मिळाली नव्हती. वाळ्याचा वास दोन्हीकडे तोच होता. मी डोळे मिटून बसून राहिलो.